चिंचेनं घासलेली कळशी

चिंच भिजत घातली की तिचा आंबट वास घरभर होतो, आणि माझं मन साठ सालच्या सुमाराच्या मूर्तिजापूरच्या अंगणात जाऊन बसतं.

यांना छातीच्या आजारामुळे नौदलातून घरी पाठवलं होतं. महिना झाला तरी हे ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. बोलणं नाही, जेवण नावाला. अशात यांचे जहाजावरचे सोबती, मालवणचे यशवंतभाऊजी, न कळवता स्टेशनवरून थेट घरी आले. यांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

माझी काळवंडलेली पितळी कळशी पुढ्यात ओढून भाऊजी अंगणात चिंचेनं घासायला बसले.

"भाऊजी, राहू द्या. मले लाज वाटते," मी म्हणाले. शेजारणी पाहत होत्या. भाऊजी मात्र कुठंही, कसंही घासत राहिले. कळशीवर नुसते पट्टे उमटले.

"असं नाई घासत बे," ओसरीवरून आवाज आला. "पयले काठ घे."

"मग ये, दाखव."

हे उठले. संध्याकाळपर्यंत दोघांनी घरातलं सगळं पितळ लखलखीत केलं, आणि त्या रात्री यांनी भाकर मागून घेतली.

पितळ घासण्यात भाऊजींचा हात साऱ्या जहाजावर पहिला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर ते दर दिवाळीनंतर येत राहिले, आणि दर वेळी हे अंगणात येईपर्यंत ती कळशी तशीच वाईट घासत राहिले.