हितलाच शे

जळगावात, पिंप्राळ्याला, एका बँडच्या तालमीच्या जागेची देखभाल मी करतो. झाडलोट, वायरी गुंडाळणं, चहा. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला त्यांनी काम दिलं, राहायला मागची खोली दिली. काम मागायला आलो तेव्हा सांगितलं होतं, इथल्याच चोपड्याकडचा आहे. खरा मी कोल्हापूरकडचा. परक्याला कोण ठेवून घेणार, या भीतीनं बोलून गेलो आणि सात वर्षं तेच निभावत बसलो. इकडची अहिराणी ऐकून ऐकून उचलली. जास्त बोलायचंच नाही, ही युक्ती.

बँडचा अल्बम म्हणजे नऊ गाण्यांत एकाच माणसाची गोष्ट. तो परगावी येतो, तिथल्यांसारखं बोलायला लागतो आणि शेवटी त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांची गाणी, मध्येच ताल मोडणारी. ऐकताना मला घाम फुटायचा. यांना कळलंय की काय?

शेवटच्या गाण्यात नुसतं बोलायचं एक वाक्य होतं. गाणारा म्हणाला, "भाऊ, हे तुम्हीच बोला. आमची अहिराणी पुस्तकी वाटते, आणि ड्रमवाल्याला माइकसमोर हसू आवरत नाही. अस्सल माणूस पाहिजे."

मला रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेमागे बसवून दार लावलं. भिंतींना गाद्या, पंखा बंद, कानांवर हेडफोन. वाक्य एवढंच: मी आठलाच शे. म्हणजे, मी इथलाच आहे. माझा श्वाससुद्धा मला केवढ्यानं ऐकू येत होता. घाबरलो आणि तोंडातून निघालं, "मी हितलाच शे."

'हितला' हे आमचं कोल्हापूरकडचं. काचेपलीकडे ड्रमवाला, तो खरा चोपड्याचा, हसत सुटला. "हितला? हाई कोठली भाषा शे भाऊ? आमना चोपडामा अशी कोनी बोलत नही!"

उठून पळावंसं वाटलं, पण दार त्यांच्या बाजूला. तिथंच, माइकसमोर, सगळं सांगून टाकलं.

"मंग सात वरीस आमले येडं बनाडं?" ड्रमवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता.

गाणाऱ्यानं दार उघडून पाणी दिलं. "काम तुमचंच आहे भाऊ, घाबरता काय? फक्त हे वाक्य असंच ठेवू द्या. आम्हाला नऊ गाण्यांत जे जमलं नाही ते यात आलंय."

ठेवू नका, असं ओठांवर आलं होतं. पण खोटं कळूनही ज्यांनी ठेवून घेतलं, त्यांना नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? "चालेल," म्हणालो.

अल्बम आता लोकांच्या फोनवर आहे. कॉलनीतला दुकानदार लांबूनच ओरडतो, "या, हितलाच शे!" चार गिऱ्हाइकं वळून बघतात. मीही हसतो, साखर घेतो आणि सुटे पैसे न मोजताच निघतो.