सिनेमातली दाराजवळची मुलगी

हिरॉइनने माझ्या हातचं पाणी तोंडात घेतलं. "कट!" असा आवाज आला. तशी ती खिडकीपाशी गेली आणि तिने सगळं पाणी बाहेर थुंकून टाकलं.

खिडकीखाली माझी आई उभी होती. तिने पाय मागे घेतले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला आमची म्युनिसिपालिटीची मराठी शाळा. मी सातवीत. शाळेत सिनेमाचं शूटिंग आलं होतं. सिनेमा एका थोर शिक्षिकेचा. नाना जातीधर्मांच्या झोपडपट्टीतल्या पोरांना ती एकत्र आणते, असं त्यात होतं. आम्ही आधीच एकत्र होतो, पण आम्हाला विचारतो कोण?

वर्गात रेहाना होती, सायमन होता, व्यंकटेश होता. सगळ्यांचा गणवेश एकच आणि शिव्याही एकच. सिनेमाला ते चालेना. रेहानाच्या डोक्यावर ओढणी आली. सायमनच्या सदऱ्यावर भला मोठा क्रॉस लटकला. व्यंकटेशच्या कपाळावर भस्माचे पट्टे ओढले. आरशात बघून तो म्हणाला, "माझा बाप पण मला ओळखणार नाय रे!" आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले.

मग दिग्दर्शक माझ्याकडे वळले. खादीचा झब्बा, बोलणं गोड. आमच्या वर्गशिक्षिका बाजूलाच होत्या. त्यांना म्हणाले, "आणि ही?"

बाई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "ती महारांची."

आम्ही बौद्ध. पण बाईंच्या तोंडी जुनंच आलं.

"वा! मग आपली मुलगी मिळाली," दिग्दर्शक म्हणाले.

आईने गणवेश नीळ घालून धुतला होता. तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. कारखान्यात खाडा करून ती शूटिंग बघायला आली होती. त्या गणवेशाला सिनेमावाल्यांनी माती फासली. माझ्या रिबिनी सोडून केस विस्कटले. रेहानाशेजारून उठवून मला दाराजवळ जमिनीवर बसवलं. हिरॉइन माझ्याकडे पाणी मागणार, ती ते पिणार, आणि ते बघून सगळा वर्ग सुधारणार.

"आयुष्यात पहिल्यांदाच तुला कुणीतरी माणूस समजलंय, असं हस," दिग्दर्शकांनी समजावलं.

मी तशी हसले.

हिरॉइन पहिल्यांदा थुंकली तेव्हा वाटलं, नळाचं पाणी तिला सोसत नसेल. पुढच्या वेळी तिच्या हाताखालच्या माणसाने तिच्याच थर्मासमधलं पाणी माझ्या पेल्यात ओतलं. मी पेला पुढे केला. हसले. तेही तिने थुंकलं. आईकडे बघायची हिंमत होईना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि तरीही "पुन्हा एकदा" ऐकल्यावर मी पेला उचलला. थुंकली ती, लाज मात्र मला वाटत होती.

कॅमेरा सुरू झाला. हिरॉइनने प्रेमाने हात पुढे केला. मी पेला माझ्याच तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"कट! ए मुली, हे काय?"

"ती थुंकतेय ना," मी म्हणाले. "मग वाया कशाला घालवायचं?"

बाई धावत आल्या. "शाळेची वाट लावलीस! माफी माग!"

मी मागितली नाही. सिनेमावाल्यांनी दुसऱ्या एका मुलीला माती फासायला घेतली. आई मला घेऊन निघाली. रस्ताभर ती एवढंच म्हणाली, "शाळेतून काढलं तर गं?" घरी तिने गणवेश धुवायला घेतला आणि धुताधुता रडली.

सिनेमा कधी लागला, लागला की नाही, ठाऊक नाही. पण त्याची शिकवण दुसऱ्याच दिवशी कळली. वर्गात गेले तर बाकावर माझ्या जागी दप्तर ठेवलेलं. ते हेमाचं. रोज माझ्या डब्यातली सुकट मागून खाणारी हेमा म्हणाली, "तू दाराजवळ बस ना गं. काल तुला तिकडेच बसवलेलं."

वाईट मनाने नाही म्हणाली. तेच जास्त लागलं. रेहाना खाली बघत होती. बाई वर्गातच होत्या. त्यांनी ऐकलं आणि फळ्यावर तारीख लिहायला सुरुवात केली.

क्षणभर माझे पाय दाराकडे वळले. खरंच वळले. मग मला स्वतःचाच संताप आला. मी दप्तर उचलून हेमाच्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्या जागेवर बसले. बाईंनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "हो, मी महाराची पोर. आता सगळ्यांना कळलंय. मी इथेच बसणार. ज्याला चालत नसेल त्याने दाराजवळ बसावं."

कुणी उठलं नाही. कुणी माझी बाजूही घेतली नाही. बाईंनी पुस्तक उघडायला सांगितलं, मी उघडलं.

त्यानंतर शाळेत, नोकरीत, सभांमध्ये माझा उद्धार करायला बरेच जण आले. मी आधी बघते, मला बसवतात कुठे. वर उचलता यावं म्हणून कुणी खाली बसवणार असेल, तर मी बसत नाही.