तिच्या बाजूचं टोक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर ट्रे उन्हात सरकवला. घाटकोपरच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर टाकीची सावली त्यावर आली होती. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ट्रेमध्ये चार बोटं पाणी, वर हिरवी साय. "आवं, नीट धरा. समदं माझ्याकडं येतंय," ती म्हणाली. संध्याकाळी छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत ती गेली.

चाळ माझ्या बायकोला शेवाळवाली म्हणायची. पार्ल्याच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा झाडायची. तिथल्या सरांनी तिला बाटलीभर शेवाळ दिलं. मातीवर टाकलं की पातळ साल धरते, पाणी पळत नाही, खाली ओल राहते, असं ते म्हणाले. वर हेही म्हणाले, "बाई, हे भातशेतीत वापरतात. तुमच्या माळावर टिकेल का, मला सांगता येत नाही." ही पहिलं तेवढं ऐकून आली.

तिचं माहेर माणदेशातलं. भावाचं रान असं, की पाऊस पडला तरी वरच्या वर निघून जातो. "उघडी माती बघवत न्हाई. पोराला उघडं निजवतो का आपण?" म्हणायची. आम्हाला पोर नव्हतं. ती सहज बोलायची, लागायचं मला.

संपात गिरणी गेली तेव्हापासून मी मरोळला पत्रा कापत होतो. ट्रे मीच बनवला. लांब झाला, एकट्या माणसाला उचलेना. ती हसली. "मालकांनी सोतालाबी कामाला लावून घेतलं!"

शेजारची मालवणी वहिनी ओरडायची, "काय गो, डास पाळलंस?"

"तुझ्या पोरांपरीस गप असत्यात गं!"

गेल्या पावसाळ्यात भावाच्या रानात एका तुकड्यावर तिनं शेवाळ टाकलं. साल धरली. बोट खुपसलं तर खाली ओल. नखातली ती माती न धुता घाटकोपरला आली, मला दाखवायला. पुढं मेंढरं वरून गेली, सालीचा भुगा झाला. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मेंढरांना काय सांगू, शेवाळावर पाय देऊ नका?" ती जेवली नाही. मग उठून गच्चीवर गेली. "औंदा काट्याचं कुंपण घालते."

हा ट्रे त्यासाठीच होता. साय वाळवून तिचे पापुद्रे घेऊन ती जाणार होती. आता कोण जाणार? भावाला हे खूळ वाटतं. माझे गुडघे गेलेत. आणि खरं सांगतो, मला त्या मातीचं काही पडलेलं नव्हतं. दुसरं टोक तिच्या हातात असायचं, म्हणून मी माझं धरायचो.

तिला रात्रीच पोचवलं. सकाळी गच्चीवर गेलो. टाकीची सावली आता दुसऱ्या बाजूनं ट्रेवर आली होती. सवयीनं माझं टोक उचललं. पाणी तिच्या टोकाकडं धावलं, काठावरून गेलं, हिरवं सगळं गच्चीवर पसरत पन्हळीकडं निघालं. टोक खाली ठेवायचं सुचलंच नाही. ट्रे रिकामा होईस्तोवर धरून उभा राहिलो.