‘तात्पुरती रद्द’ आणि कलशेट्टी बाई

श्रीमती नीलव्वा कलशेट्टी बाईंची आणि माझी पहिली गाठ हिरेगाव स्टेशनच्या तिकीटखिडकीत पडली, आणि ती चांगली पडली नाही. दुष्काळाच्या पाठोपाठचे वर्ष होते. मी मूळचा वैरागचा. होटगीच्या पलीकडच्या त्या लहानशा स्टेशनवर असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्या सकाळी मी फळ्यावर खडूने लिहिले होते, ‘कोळशाच्या टंचाईमुळे सोलापूरकडे जाणारी सकाळची पॅसेंजर तात्पुरती रद्द.’ पाच मुलींना घेऊन एक बाई आल्या. पांढरे पातळ, हातात छत्री. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी फळा दोनदा वाचला आणि विचारले, “मास्तर, तात्पुरती म्हणजे किती दिवस?”

“वरच्या ऑफिसला विचारा,” मी म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी ‘जरा गोड लिहा’ असा मला निरोप आला आहे. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र आजही संताप येतो, आणि बाईंविषयी खरे लिहायचे तर तो बाजूला ठेवता येणार नाही.

त्या पाच मुली कोण होत्या, ते आधी सांगितले पाहिजे. हिरेगावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचे तर सोलापूर. बाई येण्यापूर्वी त्या गावातून एकही मुलगी आठवीत गेलेली नव्हती. बाईंनी एकेका घराच्या उंबऱ्यावर बसून, निम्मे मराठीत, निम्मे कन्नडमध्ये, आईबापांची समजूत घातली होती. महादेवीचे वडील भीमाशा हे त्यातले सर्वांत हट्टी. “बाई, पोरगी लई लांब जाणार. काय झालं तर जबाबदार कोन?” असे त्यांनी विचारले, तेव्हा बाईंनी उत्तर दिले होते, “मी. रोज स्वतः डब्यात बसवून देईन.” आणि त्या देत असत. भवानी पेठेत भाजी विकायला जाणाऱ्या तुळसाबाई त्याच डब्यात असत. त्या मुलींना शाळेच्या फाटकात सोडूनच पाटी डोक्यावर घेत. एवढ्या विश्वासावर पाच मुलींची शाळा चालली होती, आणि मी खडूच्या एका ओळीने ती बंद केली.

कोळसा पुढे आला. कोळशाने भरलेल्या मालगाड्या माझ्याच स्टेशनवरून जात. मेल, एक्सप्रेस पूर्ववत झाल्या. त्यांना हिरव्या झेंड्या मीच दाखवल्या. पॅसेंजर तेवढी आली नाही. गावातले मुलगे सायकलवर, खडीच्या ट्रकवर बसून सोलापूर गाठू लागले. मुलींना कोण ट्रकवर बसवणार? एसटी दुपारी एकदा यायची, तीही ओढ्याला पाणी नसेल तर. बाई दर सोमवारी शाळा भरण्यापूर्वी स्टेशनवर येत आणि तोच प्रश्न विचारत. मी तेच उत्तर देत असे.

अखेर त्यांच्या अर्जांना कंटाळून वरच्या ऑफिसने त्यांना भेटीला बोलावले, आणि कागदपत्रे घेऊन मलाही. बाई मुलींना घेऊन आल्या होत्या. तिथल्या साहेबांनी त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले. आत घेतल्यावर खुर्चीही दिली नाही. एका मुख्याध्यापिकेला! साहेब म्हणाले, “बाई, ही गाडी रिकामी धावत होती. रिकामे डबे ओढायला सरकारकडं कोळसा जास्त झालाय का?” मग मुलींकडे पाहून हसले. “आणि ह्या शिकून काय करणार? स्टेशन मास्तर होणार?”

खोलीतले दोन कारकूनही हसले. बाई हसल्या नाहीत. “झाल्या तर तुमची काही हरकत?” एवढेच त्यांनी विचारले.

साहेब माझ्याकडे वळले. “बोला. शेवटच्या महिन्यांत तिकिटं कमी झाली होती की नाही?”

“झाली होती, साहेब,” मी म्हणालो.

ते खरे होते. जे मी सांगितले नाही तेही खरे होते. गाडी बंद करण्याच्या आधी वरूनच तिची वेळ बदलली होती. ती सोलापूरला पोहोचायची तेव्हा शाळेची पहिली घंटा कधीच होऊन गेलेली असे, बाजार भरून गेलेला असे, गिरणीची पाळी सुरू झालेली असे. त्या पाच मुली आणि तुळसाबाई तेवढ्या उशीर सोसून जात राहिल्या होत्या. लोकांना वापरता येणार नाही अशी गाडी करायची आणि मग लोक वापरत नाहीत म्हणून ती बंद करायची! जुने वेळापत्रक माझ्या बगलेतल्या फायलीत होते. मी फाईल उघडली नाही. नवी नोकरी होती, घरी आजारी आई होती. कारणे सगळ्यांकडे असतात.

जिन्यात बाईंनी मला थांबवले. वेळ कधी बदलली होती हे रोज गाडीवर येणाऱ्या बाईंना माहीत नसेल, असे मी कसे मानले कोण जाणे. त्या म्हणाल्या, “मी सांगितलं असतं तर त्यांनी पुरावा मागितला असता. पुरावा तुमच्याकडं होता. मास्तर, तुम्ही खोटं बोलला नाहीत. तेच जास्त वाईट झालं.”

माझी पत्नी तेव्हा बाईंकडे लिहायला-वाचायला शिकत होती. दुपारची शाळा सुटल्यावर बाई आमच्या क्वार्टरवर येत. मला वाटले, आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी आल्या, पाटी काढायला लावली आणि जोडाक्षरे घेतली. माझ्याविषयी पत्नीजवळ एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या आल्या, म्हणून मला लाजेने स्वतःच्याच घरात बसवेना.

त्यानंतर बाईंनी रविवार धरले. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर पायी फिरून, गाडीने कोण कशासाठी जात होते आणि आता त्याचे काय झाले, हे त्या वहीत उतरवून घेऊ लागल्या. तुळसाबाईंची भाजी बंद झाली होती. त्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होत्या. गिरणीतल्या काही कामगारांनी बिऱ्हाडे सोलापुरात हलवली होती. आणि महादेवीचे लग्न ठरले होते. बाई भीमाशांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होतो. तोवर मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो होतो.

“यव्वा, मी शब्द मोडला न्हाय,” भीमाशा म्हणाले. “तुमी म्हनला, गाडीत बसवून देते. गाडी कुटं हाय? दोन वरसं पोरगी घरात बसली. गाव काय म्हनंल?”

महादेवी दारामागे उभी होती. तिने विचारले, “बाई, पुस्तकं परत देऊ का?” बाई म्हणाल्या, “तुझ्याजवळच ठेव.” परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “पुढच्या वेळी फाईल मी उघडेन.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “नोकरी जाईल. घरी बोलून घ्या,” म्हणाल्या. मी घरी बोललो. पत्नी म्हणाली, “बाईंनी सांगितलंय म्हणून विचारताय, की भीती वाटते म्हणून?”

आणीबाणीचे दिवस होते. चार माणसे जमली तरी चौकशी व्हायची. त्यातच खात्यातले एक मोठे अधिकारी खास डब्यातून तपासणीला येणार असे कळले. बाईंनी सभा घेतली नाही, घोषणा दिल्या नाहीत. त्या सकाळी त्यांनी सत्तरएक माणसे फलाटावर आणली आणि प्रत्येकाला खिडकीतून प्लॅटफॉर्म तिकीट काढायला लावले. तुळसाबाई पाटी घेऊन, गिरणीवाले डबे घेऊन, उरलेल्या मुली दप्तरे घेऊन उभ्या. पोलीस आला, तिकिटे पाहून परत गेला.

अधिकारी खाली उतरले. “गर्दी कसली आहे ही?”

बाई पुढे झाल्या. “गाडीची वाट बघतोय.”

“कुठल्या गाडीची?”

“सकाळच्या पॅसेंजरची.”

“ती बंद झाली आहे.”

“बंद नाही, साहेब. तात्पुरती रद्द आहे. तुमचाच फळा आहे, वाचा.”

फळ्यावरचा मजकूर मी कधीच पुसला नव्हता. पावसाळ्यात फिकट झाला की गिरवत असे. आता मी पुढे गेलो आणि दोन्ही वेळापत्रके अधिकाऱ्यांच्या हाती दिली. “साहेब, वेळ बदलली त्या महिन्यापासून तिकिटं कमी झाली. त्याआधी डब्यात उभं राहायला जागा नव्हती.” तुळसाबाई मागून ओरडल्या, “व्हय की! खरं बोलला मास्तर, उशिरा का हुईना!”

मला निलंबनाची नोटीस आली, पुढे दूरची बदली मिळाली. त्याचे काही वाटत नाही. काही महिन्यांनी गाडी जुन्या वेळेवर सुरू झाली. पहिल्या दिवशी इंजिनाला हार घालायला एक पुढारी आले. ‘आपण पाठपुरावा केला’ असे त्यांनी भाषणात सांगितले. बाई गर्दीत मागे उभ्या होत्या. ज्या मंडळींनी पूर्वी त्यांना ‘गाडीचं वेड लागलेली बाई’ म्हटले, तीच पुढे टाळ्या वाजवत होती. त्यांतल्या काहींचे लेख याच ग्रंथात आहेत. त्यांनी ते लिहावेत. पण लिहिताना आठवावे.

गाडी परत आली, पण पाचपैकी दोनच मुली तिच्यात चढल्या. तिघींची लग्ने झाली होती. कोणी म्हणेल, दोन तरी वाचल्या. मी तसे म्हणणार नाही. एका साहेबाच्या सहीने तीन मुलींचे शिक्षण संपले, आणि त्या साहेबांना कोणी एक प्रश्नही विचारला नाही. या देशात गाडी बंद करणाऱ्याला बढती मिळते आणि ती परत आणणाऱ्या बाईंना साठाव्या वर्षी शाल मिळते.

मागच्या महिन्यात मी बाईंना भेटलो. गुडघे दुखतात, निवृत्तीनंतर थोड्या थकल्या आहेत. सत्काराचा विषय काढला तर म्हणाल्या, “शाल द्या, पण संध्याकाळची गाडी तासभर उशिरा सोडायला सांगा. कॉलेजातल्या मुलींचं प्रॅक्टिकल बुडतं.” पुन्हा कोळशाच्या टंचाईची कुजबुज आहे. पुन्हा पहिली कुऱ्हाड पॅसेंजरवरच पडेल, हेही त्यांना ठाऊक आहे. टेबलावर अर्धा लिहिलेला अर्ज होता.

आदरणीय बाईंनी शंभर वर्षे जगावे. गुडघे बरे व्हावेत, डोळे चांगले राहावेत, पोटभर विश्रांती मिळावी. आणि यापुढच्या चाळीस वर्षांत त्यांच्यावर एकही अर्ज लिहिण्याची वेळ येऊ नये. ते अर्ज आता आपण लिहायचे आहेत. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी कृपा करून बाईंना हार घालायला येऊ नये.