माझ्याही हाताचं पिवळं पाणी

वहिनीला सातवा महिना होता आणि तिचे डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते. भाऊ कामाला पुण्यात. घनसावंगीच्या घरात आम्ही तिघीच, आणि आईचं एकच पालुपद: "काविळीला सुई लावली की माणूस हातचं जातं. उतरवूनच घ्यायची." आईची बहीण म्हणे सुईनंतरच गेल्ती. त्यापुढं माझं कोण ऐकतंय!

शेजारच्या गावात एक म्हातारा कावीळ उतरवायचा. परातीतल्या चुन्याच्या पाण्यात त्यानं वहिनीचे हात चोळले. पाणी पिवळंधम्मक. मला माहीत होतं, तो आधी स्वतःच्या हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावतो, त्यानं चुना पिवळा होतो. विज्ञान शिकवते मी शाळेत! म्हटलं, आज उघडं पाडतेच. माझे धडधाकट हात पुढं केले. "माझेपण धुवा."

पाणी पिवळं झालं.

"बघ आई! मला काय धाड भरलीय? तरी झालंच ना पिवळं?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं माय माय... तुलाबी झाली गं!"

पुरावा तिच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यानंच तिचा विश्वास आणखी पक्का झाला होता. तिकडं वहिनी भिंतीला टेकून ओकत होती. खरं सांगू? घरी आल्यावर मीसुद्धा आरशात डोळे ताणून पाहिले.

मंग मीच हरले. "बरं, झाली मला," म्हटलं. "जालन्याला नुसतं दाखवून येते. सुई न्हाई घेत. वहिनीला सोबत दे." लेकीला एकटं कसं धाडायचं, म्हणून आई बिलकुल आडवी आली नाही. जीपमध्ये वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टाकून काहीबाही बरळत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तशीच आत घेतली. मला म्हणाल्या, "अजून एक दिवस थांबला असता तर दोन जीव गेले असते."

दोन्ही जीव वाचले. आई म्हणाली, उतरवल्याचा गुण. मी म्हटलं, असू दे, बाई.

परवा शाळेतून आले तर दारात एक अनोळखी बाई, सोबत तिची गरोदर लेक. पोरीचे डोळे पिवळेधम्मक.

"म्हाताऱ्याकडूनच येऊन राह्यलो," बाई समाधानानं म्हणाली. "आधी माझं मन होत न्हवतं. पण तुमच्या आईनं सांगितलं, मास्तरीण असून तुमचीबी तिथंच उतरली. किती दिवसांत उतरली हो ताई?"