जावयाला "पुढे सरका" कसं म्हणायचं

बायकोने मला सरळ सांगून टाकलं होतं. "धोंड्याचा महिना संपायच्या आत ती बोट पाण्यावर उचलून दाखवा. नाही उचलली तर माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोय."

भाऊ म्हणजे माझा मेहुणा. विंचूरला त्याची द्राक्षबाग आहे. हल्ली तिथे शहरातली माणसं येऊन फोटो काढतात, त्यामुळे त्याला फोटोसाठी सतत काहीतरी नवीन लागतं. बैलगाडी झाली, झोपाळा झाला, आता त्याला माझी बोट हवी होती. पाण्यात घालायला नाही हो! माती भरून तिच्यात झेंडू लावायला. माझी शिडाची बोट, आणि तिच्यात झेंडू! हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. म्हणजे जेवत होतो व्यवस्थित, पण गोड लागत नव्हतं.

बोट मी निवृत्त झाल्यावर घेतली. अलिबागकडे एका माणसाच्या अंगणात उलटी पडली होती. चार माणसं जेमतेम मावतील एवढी, सोबत शीड, डोलकाठी आणि मागे लावायचं जुनं इंजिन. इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती निळ्या ताडपत्रीखाली उभी असते. बायकोने तिच्यात माहेरचे कांदे पसरायला सुरुवात केली तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर कांदे राहिले असते आणि बोट गेली असती.

शीड लावलं की ती गंगापूर धरणावर छान चालते. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मी एका व्हिडिओत पाहिलं, की अगदी अशीच बोट, शीड उतरवलेलं, मागे इंजिन, आणि ती पाण्यातून जातच नाही, पाण्यावर चढून घसरत सुटते! याला प्लेनिंग म्हणतात. समजावून सांगतो, सगळ्यांनाच सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. बोट हळू असते तेव्हा पाण्यात बसून, पाणी बाजूला सारत जाते, डोहात उतरलेल्या म्हशीसारखी. वेग वाढवला की तिच्या नाकासमोर तिचीच लाट उभी राहते. बऱ्याच बोटी तिथे अडकतात. नाक वर, बूड खाली, इंजिन बोंबलतंय आणि वेग तोच. पण बोट हलकी असली आणि वजन जरा पुढे असलं, की ती लाट ओलांडते, सपाट होते आणि निघते. आमच्या घरात याला "उचलणं" म्हणतात, आणि आमची काही केल्या उचलत नव्हती.

मी काय काय केलं नाही? डोलकाठी काढून घरी ठेवली. बोटीच्या पोटातून खाली सोडायचं पातं वर ओढून बांधलं. इंजिनचा कोन बदलला, परत बदलला. सांदीकोपऱ्यातले कांदे काढले. तरी मी मागे इंजिनाशी बसून वेगाच्या मुठीचा कान पिळला, की नाक आभाळात. बायकोला पुढे बसवून पाहिलं, पण तिचं वजन ते केवढंसं! नाक ढिम्म खाली येईना. मी निष्कर्ष काढला, की पुढे भक्कम माणूस पाहिजे.

आणि भक्कम माणूस येणारच होता. धोंड्याचा म्हणजे अधिक महिना, लेक-जावई वाणाला पुण्याहून येणार. आमचे जावईबापू स्वभावाने लोणी आणि अंगाने शंभर किलोच्या पुढे. त्यांना मी फाटकातून आत येताना पाहिलं आणि मला इतका आनंद झाला, की मी त्यांना मिठीच मारली. बायकोला वाटलं, सासऱ्याचं प्रेम उफाळून आलं. मी मनात वजन करत होतो.

सकाळी पाय धुणं, ओवाळणं, पुरणाचे धोंडे, सगळं यथासांग झालं. दुपारी बोट गाडीमागे जोडून आम्ही चौघं धरणावर. लेकीला बोटीत मळमळतं, म्हणून ती मोबाइल घेऊन काठावर उभी राहिली. बोटीत मी, बायको आणि जावई. आणि इथे घात झाला.

आमच्या बोटीत टेकायला पाठ असलेली जागा एकच, अगदी मागे, माझ्या शेजारी. बायकोने तिथे गादी घातली, गादीवर चादर घातली आणि जावयाला म्हणाली, "बसा." ते बसले. बोटीचं बूड पाण्यात गेलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

"अगं, त्यांना पुढे बसू दे की," मी हळूच म्हणालो.

"पुढे काय आहे? दोर आणि नांगर. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. देवाला दोराच्या वेटोळ्यावर बसवू?"

आता नारायणाला "उठा, तुम्ही जड आहात" असं सांगायची आपल्यात पद्धत नाही. इतर कुठल्या देशात असेल, तिथे म्हणूनच बोटी उचलत असतील.

मी इंजिन चालू केलं. नाक असं वर गेलं, की मला समोर धरण दिसेना, नुसते ढग दिसत होते. पुढे बसलेली बायको आमच्याकडे घसरत यायला लागली. मागून पाणी आत येऊन नारायणाची गादी भिजली. मी वेग कमी केला आणि गोडीत घ्यायचं ठरवलं.

"जावईबापू, पुढून देखावा फार छान दिसतो."

"मग आईंना बघू दे ना निवांत."

"इथे इंजिनाचा धूर येतो हो."

"तुम्ही रोज सहन करता, बाबा. मला एक दिवस काय होतंय?"

इतका सज्जन माणूस! मला इतका राग आला! शेवटी मी अनारशांचा डबा उचलला आणि बोटीच्या नाकाशी नेऊन ठेवला. वाणाचे तेहतीस अनारसे, साजूक तुपातले. भलेभले उठून गेले असते. जावयाने डब्याकडे पाहिलं, आवंढा गिळला, पण जागचे हलले नाहीत. कोणी वाढल्याशिवाय जावई हात लावतो का? बायको रांगत गेली, डबा घेऊन रांगत मागे आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मागचं वजन अजून वाढलं.

"तुम्हाला लय झालंय का?" ती माझ्यावर दात ओठ खात पुटपुटली. राग आला की तिची विंचूरची भाषा बाहेर येते. "अनारसे बुडवायचेत? एक घंट्यानं भावाला फोन लावते मी."

खरं सांगतो, रडू येईल की काय असं वाटत होतं. साठी उलटलेला माणूस मी, पण मला त्या क्षणी बोटीत झेंडू स्वच्छ दिसत होते, आणि त्यांच्याजवळ उभं राहून कोणीतरी फोटो काढत होतं.

जावयाने अनारसा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, "बाबा, एक बोलू? मी जाड आहे हे मला माहीत आहे. घरात आरसा आहे आमच्या. सरळ 'पुढे जा' म्हणा ना."

बायकोने डोक्याला हात लावला. मी "छे छे, तसं नाही हो" असं म्हणेपर्यंत ते उठलेसुद्धा. अंगातल्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, रांगत पुढे गेले आणि दोराच्या वेटोळ्यावर पालथे झाले. नारायण शेषावर पहुडतात ते उताणे, हे पालथे, एवढाच फरक.

मी पूर्ण कान पिळला. नाक खाली आलं! धरण दिसलं! इंजिनचा आवाज बदलला, बोट थरथरली, लाटेच्या डोक्यावर चढायला लागली... आणि धप्पकन परत बसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर तिने इतकी आशा लावली, की मी स्वतःच उसळून उठलो होतो.

"काय कळत नाही बुवा," मी म्हणालो. "आता तर मागचं वजन पुढे गेलं."

जावई पालथेच होते. मान न वळवता, अत्यंत आदराने म्हणाले, "बाबा, मी पुढे आलो. आता मागे कोण आहे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. सकाळी जावयासाठी केलेल्या धोंड्यांपैकी निम्मे कुठे गेले, हे तिला तेव्हा उमगलं असावं.

"उतरा," ती म्हणाली.

मला काठावर उतरवण्यात आलं. इंजिनाशी बायको बसली. तीस वर्षं स्कूटर चालवणारी बाई, कान पिळणं तिला काय शिकवायचं? मी एवढंच सांगितलं, की इंजिनाचा दांडा उजवीकडे नेला तर बोट डावीकडे वळते.

"म्हणजे हवं त्याच्या उलटं ओढायचं," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर आयुष्यभर तेच केलं."

आणि ती गेली. आधी नाक वर, मग खाली, मग तो थरथराट, आणि मग अरे देवा! उचलली! बोट पाण्याला टेकली आहे की नाही कळेना. दोन्ही बाजूंना पाण्याचे फवारे, पुढे जावई हात पसरून आडवे, मागे माझी बायको, पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. मी काठाकाठाने चपला फटफटवत धावलो, ओरडलो, "अशीच! अशीच ने!" लेक म्हणाली, "बाबा, व्हिडिओत तुम्हीच जास्त येताय." मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि आत कुठेतरी इतकं झोंबलंही नव्हतं. दोन्ही एकदमच होतं.

बोट काठाला लागली. बायको हसत होती, आणि ती अशी हसते हे मी विसरूनच गेलो होतो. तिने ओल्या हातांनी लेकीचा मोबाइल घेतला आणि विंचूरला लावला. "भाऊ, टेम्पो घेऊन येऊ नको. नाय, नाय देणार. माझी बोट मी का देऊ? झेंडू दुसऱ्या कशातही लाव."

वाचली! मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत पाय टाकायला गेलो.

"तुम्ही कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही आलात की ती बसते." मग जावयाला विचारलं, "अजून एक फेरी मारायची ना?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ढकला जरा."

मी ढकलली.