पुसायला दिलेलं भांडण

पनवेलच्या एसटी स्टँडामागे तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. नाव मी कधी विचारलं नाही. स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचून, डोळे मिटून ऐकत बसलेला असायचा. निवडणुकीत सगळ्याच पक्षांचे भोंगे त्याच्याकडे यायचे. कोण निवडून येणार विचारलं, तर म्हणायचा, "ते नाय ठाव. भोंगा कुनाचा फाटतोय ते सांगतो."

गणपतीच्या सुट्टीत मी आईची भजनं टेप केली. दोन भजनांच्या मधे बाबा आणि काकांचं राजकारणावरून जुंपलेलं भांडण, फुटलेल्या कपबशीसकट, कॅसेटमध्ये आलं. तेवढं पुसून द्या म्हणून मी ती त्याला दिली.

त्याने पुसलं नाहीच. उलट कुणालाच त्यावर पुन्हा टेप करता येऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही पट्ट्या मोडून टाकल्या. "तुमची आय परत गाईल, ताई. ह्ये दोघं परत असं नाय भांडनार."

मी चिडून घरी आले.

पुढे तीन वर्षांत बाबा गेले, काकाही गेले. गणपतीत आई ती कॅसेट लावायला सांगायची आणि स्वतःचं भजन सुरू झालं की म्हणायची, "हे राहू दे, पुढे घे."

दरवर्षी पाच मोदक मी त्याच्या दुकानात नेऊन द्यायचे. डबा उघडण्याआधी तो विचारायचा, "भांडन वाजतंय ना नीट?"